मोरेरांच्या डोंगराखालील गाव

हुबळी-धारवाड या जुळ्या नगरांत गोमंतकीयांची वस्ती नवी नाही. मुरगाव बंदरातून निघून घाट चढणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सदर्न मराठा रेल्वेला जोडला गेला आणि तेव्हापासून नोकरी, व्यापार व विद्याभ्यास या निमित्तांनी घाटाखालची माणसे या बाजूस येत राहिली. गोव्यात महाविद्यालये नव्हती त्या काळी कित्येक घरांतील मुलांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिक्षण घेतले. अशा कुटुंबांना धारवाडचा पाऊस, तेथील पेढे आणि गाण्याच्या बैठका यांची ओळख आहे. हुबळीच्या पूर्वेस जाणारी वाट मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या परिचयाची असते. हंपीच्या यात्रेस जाताना ती डोळ्यांखालून जाते, इतकेच.

या वाटेने निघाले असता गदगपर्यंत काळी जमीन सोबत करते. जोंधळा, कापूस, मिरची यांची सपाट शेते, मध्ये अण्णिगेरीसारखे जुने गाव, पुढे गदगचे वीरनारायणाचे देवालय. याच देवालयात बसून कुमारव्यासाने आपले कन्नड भारत रचले अशी परंपरा आहे. गदग मागे पडल्यावर थोड्याच वेळात भूमीचा रंग पालटतो. काळी माती संपून तांबूस, खडकाळ रान लागते आणि क्षितिजावर एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे दिसू लागतात. कोप्पळ येते. हे गाव एके काळी निजामाच्या राज्यात सालारजंगाच्या जहागिरीत होते. १९५६ साली म्हैसूर राज्यात आले आणि १९९७ साली रायचूरपासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण बनले. येथील गवीमठ व पालकीगुंडू या दोन टेकड्यांवर अशोकाचे लेख कोरलेले आहेत. अशोकाचा लेख म्हणजे आपल्या लिखित इतिहासाचा उंबरठा. परंतु गंगावतीच्या रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले की ज्या गावाशी प्रवासी पोहोचतो, त्याच्या माथ्यावरील वस्ती या उंबरठ्याच्याही अलीकडची नसून पलीकडची आहे. त्या गावाचे नाव हिरेबेणकल. 'हिरे' म्हणजे थोरले. जवळच चिक्कबेणकल म्हणजे धाकटे बेणकलही आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असावे, तसाच हा प्रकार.

गाव साधे आहे. पायथ्याशी भाताची खाचरे, मागे डोंगरांची रांग. माथ्यावर जाण्यास गाडीरस्ता नाही. झुडुपांतून आणि खडकांवरून पायवाटेने चढावे लागते, आणि वाट ओळखणारा गावकरी सोबत नसेल तर चुकण्याचीच शक्यता अधिक. वाटेत काही खडकांच्या आडोशाला गेरूने काढलेली चित्रे आहेत: शिकार करणारी माणसे, नाचणारी माणसे, शिंगे असलेली जनावरे. ती पाहून पुढे गेल्यावर एकाएकी पठार उघडते आणि प्रथमच येणारा मनुष्य क्षणभर जागीच थांबतो. समोर घरांचे गाव उभे असते, आणि त्या घरांत राहावयास कोणीही नसते.

ही घरे म्हणजे दगडी कोठड्या होत. तीन-चार उभ्या फरश्या जमिनीत रोवून वर एक अवजड आडवी शिळा टाकलेली. काहींच्या एका बाजूच्या फरशीस वाटोळे छिद्र पाडलेले आहे, मनुष्याचे डोके आणि खांदे आत जातील एवढे. काही कोठड्या गुडघ्याइतक्या बुटक्या, तर काही इतक्या उंच की पुरुषभर उंचीचा मनुष्य आत सरळ उभा राहावा. लहानमोठी मिळून या डोंगरावर सुमारे ४०० स्मारके मोजली गेली आहेत. एका बाजूस पाण्याचे तळे आहे. ते मुळात दगडाची खाण असावी असे तज्ज्ञ मानतात. या भागातील ग्रॅनाइटचा खडक उन्हापावसाने कांद्याच्या पाकळ्यांसारखा थराथराने सुटतो. ज्या लोकांनी हे बांधले त्यांनी निसर्गाने सैल केलेले थर उचकटले, त्यांच्या कडा ठोकून सारख्या केल्या आणि ते जागेवर नेऊन उभे केले. फरशी उभी करणे एक वेळ समजते. पण टनावारी वजनाची झाकणशिळा वर कशी चढविली असेल, हा प्रश्न तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात येतोच. मातीचा उतार रचून, लाकडी ओंडक्यांवरून, दोरांनी ओढून, असे त्याचे उत्तर दिले जाते. यास शंभर हात एका वेळी एका हुकमाने हलावे लागतात. म्हणजे हुकूम देणारा होता, तो मानणारे होते आणि त्या दिवशी सर्वांना जेवू घालणारेही कोणीतरी होते.

एका उंच धोंड्यावर अर्धगोलाकार असा एक मोठा दगड ठेवलेला आहे. लाकडी मोगरीने त्यावर आघात केला असता नगाऱ्यासारखा नाद निघतो आणि तो दूरवर ऐकू जातो. गावकरी त्यास नगाराच म्हणतात. तो कशासाठी वाजवीत असतील, मृतांसाठी की जिवंतांना हाक देण्यासाठी, हे सांगणारा मागे कोणी उरला नाही.

गावकऱ्यांच्या मते ही 'मोरेर मने', म्हणजे मोरेरांची घरे. हे मोरेर अंगाने ठेंगणे होते, म्हणून त्यांची घरेही लहान आणि दारे वाटोळी, असे सांगतात. काही सुशिक्षित 'मोरेर' शब्दाचा संबंध मौर्यांशी लावतात. अशोकाचे लेख हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हा तर्क मोहक वाटतो, पण नाद जुळला म्हणून नाते जुळत नाही. त्याचे उदाहरण गोमंतकीय वाचकाला दुसरीकडून देता येईल. लिसेवात पोर्तुगालचा इतिहास पाठ केलेल्या जुन्या पिढीस 'अंता' हा शब्द आठवत असेल. आलेंतेजू प्रांतात, एव्होरा शहराच्या परिसरात, अगदी अशाच दगडी कोठड्या शेतांतून उभ्या आहेत. त्या हिरेबेणकलहून पुष्कळच जुन्या आहेत. तेथील खेडूत त्यांना कित्येक ठिकाणी 'मोरुशांची', म्हणजे मूर लोकांची, घरे म्हणतो. मूर पोर्तुगालात आले त्याच्या हजारो वर्षे आधी ती बांधून झाली होती. मोरुश काय आणि मोरेर काय, दोन्हीकडे न्याय एकच: बांधणारे विसरले गेले की आधी होऊन गेलेल्या कुणा परक्याच्या नावावर घर चढते. कर्नाटकात इतरत्र हीच स्मारके पांडवांच्या नावावर चढली आहेत. वनवासातील पांडवांनी एका रात्रीत बांधलेली वास्तू आपल्याकडेही गावोगाव दाखवितात.

इंग्रजी अमदानीत या स्मारकांकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत कर्नल फिलिप मेडोज टेलर याचे नाव घ्यावे लागते. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीमुळे तो वाचकांना ठाऊक आहे. पण सुरपूर संस्थानचा कारभार पाहत असताना त्याने भीमेकाठी जेवर्गी येथील दगडी वर्तुळे व थडगी उकरून त्यांचे सविस्तर वर्णन केले. इंग्लंड-फ्रान्समधील तशाच स्मारकांशी त्याने त्यांची तुलना केली आणि बांधणारे लोक एकच असावेत असे त्याला वाटले. हे त्याचे अनुमान पुढे टिकले नाही. निरीक्षणे मात्र टिकली. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे पद्धतशीर उत्खनन केले. तेथील छिद्रयुक्त दगडी पेट्यांत एकाहून अधिक माणसांची हाडे, लोखंडी हत्यारे आणि आतून काळी व बाहेरून तांबडी अशी गुळगुळीत भांडी निघाली. देह आधी अन्यत्र ठेवून नंतर हाडे गोळा करून पेटीत आणलेली होती. घरात कुणाचे अस्थिसंचयन झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा भाग वाचताना थोडे थबकायला होते. याचा अर्थ ती चाल तेथून आली असा मुळीच नव्हे. पण हाडांना सन्मानाने वेचण्याची बुद्धी या भूमीवर फार जुनी आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

व्हीलर यांनी या संस्कृतीस इसवी सनापूर्वी २०० ते इसवी सन ५० असा काळ दिला. धारवाडच्या वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट यापुढची आहे. त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यात (आता हावेरी) तुंगभद्रेच्या काठी हल्लूर नावाचे खेडे आहे. तेथील पांढरीचे उत्खनन डॉ. म. श्री. नागराज राव यांनी १९६५ साली केले. अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. नवाश्मयुगाचे थर जेथे संपतात आणि लोखंड जेथे प्रथम दिसते, तेथील कोळशाची कार्बन पद्धतीने परीक्षा झाली व काळ निघाला इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराचा. एका खेड्याच्या पांढरीतील मूठभर कोळशाने दक्षिणेतील लोहयुग सातआठ शतके मागे नेले. त्याच उत्खननात घोड्याची हाडे मिळाली व त्यांवरून आर्यांविषयीचा वाद बराच पेटला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पुढे कर्नाटक विद्यापीठातील डॉ. ए. सुंदर यांनी दक्षिणेतील या दगडी कोठड्या गावोगाव हिंडून पाहिल्या, मोजल्या आणि १९७५ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हिरेबेणकलचा काळ आज सामान्यतः इसवी सनापूर्वी ८०० ते २०० असा धरतात. आपल्या विदर्भातील माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळे याच मोठ्या कुळातील होत.

लोकांची समजूत आणि जमिनीची साक्ष यांत किती अंतर असते, याचे आणखी एक उदाहरण तेथून जवळच आहे. हंपीनजीक निंबापूर येथे राखेचा एक टेकाड आहे. रामाने मारलेल्या वालीचे दहन येथे झाले व ही त्याची राख, असे भाविक मानतात. बळ्ळारी-रायचूर भागात असे राखेचे टेकाड बरेच आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी उटनूर येथील टेकाड खणून असे दाखविले की ही नवाश्मयुगीन गुराख्यांच्या गोठ्यांतील साचलेल्या शेणाची राख आहे. शेण वेळोवेळी पेटविले जाई. जेथे आपण चिता पाहतो तेथे गोठा निघाला. ऐकणारा प्रथम खट्टू होतो, पण नीट विचार केल्यास गोठा ही काही कमी पवित्र वस्तू नव्हे.

डोंगर उतरून गावात आल्यावर भूक लागलेली असते, आणि येथूनच या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. तो अधिक महत्त्वाचा आहे, पण त्याकडे पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते.

उत्तर कर्नाटकातील शेतकऱ्याचे पान प्रसिद्ध आहे. हातावर थापलेली जोळद रोट्टी, म्हणजे आपली जोंधळ्याची भाकरी. वाळवून महिनाभर टिकणारी कडक रोट्टी. तेलात मुरलेली भरली वांगी, तिकडचे एण्णेगायी. अंबाडीची पुंडी पल्ल्ये. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी. दही, कच्चा कांदा, ब्याडगीच्या मिरचीचा तांबडा रंग. हे जेवून तृप्त झालेला पाहुणा सहजच म्हणतो की हेच ते मोरेरांचे अन्न, हजारो वर्षांचे. यजमानही मान डोलावतो. दोघेही चुकतात. मिरची आणि भुईमूग या दोन्ही वस्तू अमेरिकेतील. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून याच पश्चिम किनाऱ्यावर उतरली. ब्याडगी मिरचीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण चारपाचशे वर्षांपूर्वी ब्याडगीच्या कोणाही रहिवाशाने ती पाहिली नव्हती. जोंधळासुद्धा मूळचा आफ्रिकेचा. तो फार पूर्वी आला, स्थिरावला, इतका की आज त्याला परका म्हणणे कृतघ्नपणाचे वाटेल. तरीही तो पाहुणाच.

मग घरचे कोण? याचे उत्तर जमिनीतील जळक्या दाण्यांनी दिले आहे. उत्खननातील माती पाण्यात कालविली की कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. ही पद्धत वापरून लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर व त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेतील अनेक नवाश्मयुगीन वसाहतींचे धान्य तपासले. हल्लूर त्यांपैकीच एक. सर्वत्र पुन्हा पुन्हा जी धान्ये आढळली ती दोन कडधान्ये व दोन बारीक तृणधान्ये: कुळीथ, मूग, आणि कोरले व त्याच जातीचे एक राळ्यासारखे तृण. हल्लूर येथे बाजरी व वालही निघाले. हे आफ्रिकेकडून आलेले आद्य पाहुणे. थोडे गहू व जव सापडले. नाचणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तांदूळ या भागात बराच उशिरा आला.

म्हणजे ज्यांनी हे डोंगर दगडी घरांनी भरले, त्यांच्या पूर्वजांच्या चुलीवर कुळीथ शिजत होता, आणि आजही त्याच गावात तो शिजतो. कानडीत त्याला हुरळी म्हणतात. उकडून वरचे पाणी काढावयाचे, त्याचे चिंच-लसूण घालून सार करावयाचे. खाली राहिलेल्या दाण्यांची उसळ करावयाची किंवा ते बैलांना घालावयाचे. गोमंतकात आणि कोकणात हेच कुळथाचे सार, हीच कुळथाची पिठी. पाहुणा आला की यजमानीण जे लपविते ते हे पदार्थ! आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली म्हणजे घरच्यांना, एवढीच त्याची पात्रता ठरली. इंग्रजांनी तर त्याला घोड्याचा हरभरा असे नाव देऊन पंगतीतून उठवूनच लावले. या उपखंडाने स्वतः माणसाळविलेल्या मोजक्या धान्यांपैकी हे एक आहे, आणि त्याचे पहिले शेतकरी याच दख्खनच्या पठारावर होते असा अभ्यासकांचा कयास आहे.

गंगावतीच्या परिसरात आज मात्र पानावर भातच अधिक दिसतो. तुंगभद्रेचे धरण १९५३ मध्ये पुरे झाले, डाव्या तीराचा कालवा वाहू लागला आणि जेथे कोरडवाहू तृणधान्ये होत तेथे भाताची दोन-दोन पिके निघू लागली. गंगावती कर्नाटकातील तांदळाचे कोठार म्हणून प्रसिद्धीस आले. शेतकऱ्यास चार पैसे मिळाले, मुले शिकली. यात दुःख मानण्याजोगे काही नाही. भात खाणाऱ्या गोमंतकीयाने तर तक्रार करूच नये. परंतु कोरले पिकविणारे हात कमी झाले ते याच काळात, आणि कोरले कसे सडावे हे जाणणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. त्या दाण्याचे वरचे टरफल कठीण असते. ते काढण्याची युक्ती हातातून हातात जाते, पुस्तकातून नाही.

या भागात मृतांना काय वाढीत असत हे दगडांनी सांगितले नाही. थडग्यांतील भांडी बहुधा रिकामीच निघतात. जमिनीला काय वाढतात हे मात्र आजही पाहता येते. मार्गशीर्ष अमावास्येस, जिला तिकडे एळ्ळ अमावास्ये म्हणतात, शेतकरी सहकुटुंब गाडी जुंपून शेतावर जातात. पाच लहान दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा होते. घरून आणलेल्या सर्व पदार्थांतला थोडाथोडा भाग एकत्र करून तो उभ्या पिकात चारी दिशांना उधळतात. यास चरग म्हणतात. धारवाड-हावेरीकडे हाच विधी कोजागरीच्या दिवशी, शीगी हुण्णिमेस होतो. त्यानंतर सर्वजण शेतातच जेवतात. तिळाची बाजरीची भाकरी, पालेभाज्या, वांग्याचे भरीत, कडबू, दहीभात, आणि ओळखीचा-अनोळखी जो वाटेने जाईल त्याला हाक मारून बसविले जाते. मराठी मुलखात लातूर-उस्मानाबादकडे (आता धाराशिव) हीच वेळा अमावास्या. तेथे कडब्याची खोप करतात, तीत पाच पांडव मांडतात, भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य होतो. शेताला प्रदक्षिणा घालताना जो घोष करतात त्याचे शब्द कानडी वळणाचे आहेत आणि ते म्हणणाऱ्या मराठी शेतकऱ्यास त्यांचा अर्थ लागत नाही. अर्थ न लागताही तो घोष पिढ्यान् पिढ्या चुकला नाही. डोंगरावर पांडवांची घरे रिकामी, आणि शेतात पांडवांना जेवण! या दोहोंचा संबंध जोडण्यास पुरावा नाही व तो जोडूही नये. तरी आपल्याकडे भाद्रपदात म्हाळाचे पान वाढताना कावळ्याची वाट पाहत ज्यांनी दारात तिष्ठत उभे राहून पाहिले आहे, त्यांना त्या शेतात परके वाटणार नाही.

हिरेबेणकलच्या घरांची स्थिती समाधानकारक आहे असे म्हणता येत नाही. गुप्तधनाच्या लोभाने कित्येक कोठड्यांच्या तळाशी खणलेले आहे. झाकणशिळा सरकल्या आहेत, फरश्या कोलमडल्या आहेत. ज्यांनी मेलेल्यांबरोबर मातीची भांडी आणि लोखंडाचे पाते ठेवले, त्यांच्याकडे सोने शोधणाऱ्यांच्या बुद्धीची कीव करावी तितकी थोडी. २०२१ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत या स्थळाची नोंद झाली. संभाव्य यादी म्हणजे अंतिम यादी नव्हे. कामकाजाच्या भाषेत सांगावयाचे तर अर्ज दाखल झाला आहे, मंजुरी यावयाची आहे. तोपर्यंत राखणदारी करतात ते गावातील गुराखी आणि वाट दाखविणारे तरुण.

हुबळी-धारवाडच्या ज्या मंडळींना तेथे जाण्याची इच्छा होईल त्यांनी थंडीच्या दिवसांत जावे, पहाटे निघावे, पिण्याचे पाणी सोबत ठेवावे आणि ऊन चढण्यापूर्वी डोंगर गाठावा. उतरून आल्यावर या बाजूच्या रीतीप्रमाणे आधी गूळ आणि पाणी पुढे येते. जेवणाची व्यवस्था गावातच कोणाकडे होणार असेल तर कुळथाच्या साराविषयी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले बरे. खाणावळीत ते मिळत नाही. आणि यजमानीण प्रथम संकोचते, पाहुण्यांना हुरळी कशी वाढावी म्हणते. तिला आग्रह करावा लागतो. शिवाय कुळीथ शिजावयास वेळ लागतो. चुलीवर तर फारच.